सेबीकडून ‘त्रुटी’ आल्या म्हणजे अर्ज नाकारला असं नाही: कोल्हापुरातून गुंतवणूक सल्लागार फर्मची नोंदणी करणाऱ्यांसाठी

सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, ईमेल आला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसचं शटर निम्मं खाली ओढून मी आणि माझा चुलतभाऊ निघायच्या बेतात होतो. ईमेलमध्ये अर्जाचा क्रमांक, खाली अकरा मुद्दे आणि शेवटी पंधरा दिवसांची मुदत. भाऊ एवढंच म्हणाला, ‘‘झालं ताई, परत आला अर्ज.’’ त्या रात्री दोघंही नीट झोपलो नाही. सहा महिन्यांची धावपळ, परीक्षेचा अभ्यास, बँकेतल्या खेपा, सगळं वाया गेलं असंच वाटत होतं.

अर्ज नाकारलेला नव्हता. अकरापैकी सात मुद्दे फक्त नाव आणि पत्ता वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळा असल्याचे होते. पण हे समजावून सांगणारं आम्हाला कोणी भेटलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. नोंदणी लागते का, आणि कोणत्या नावाने?

फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबी कायदा, १९९२ च्या कलम १२ प्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे तपशीलवार नियम २०१३ चे आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांत मोठे बदल झाले. जुन्या पुस्तिका, जुने व्हिडिओ आणि ‘माझ्या मित्राने असं केलं होतं’ या तिन्हींवर विसंबून राहू नका. आम्ही पहिला महिना जुन्या नियमातल्या नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) अटीची काळजी करण्यात घालवला. ती अट निघून गेलीय आणि तिच्या जागी ठेव आलीय.

अर्ज व्यक्ती म्हणून करता येतो, तसाच भागीदारी फर्म, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा कंपनी म्हणूनही करता येतो. एकटेच काम करणार असाल तर व्यक्ती म्हणूनच करा, कागद निम्म्याने कमी लागतात. फर्म असेल तर मुख्य अधिकारी म्हणून ज्याचं नाव द्याल त्या भागीदाराकडे शिक्षण आणि परीक्षा दोन्ही हवं. सासऱ्यांना किंवा वडिलांना मानाने पहिलं नाव देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भागीदारीपत्रात तो मान जरूर द्या, पण मुख्य अधिकाऱ्याच्या रकान्यात पात्र माणसाचंच नाव घाला.

दारं दोन आहेत. २५ जुलै २०२४ पासून सल्लागारांच्या प्रशासनाचं आणि देखरेखीचं काम सेबीने बीएसईकडे, म्हणजे मुंबई शेअर बाजाराकडे, सोपवलंय. म्हणून बीएसईकडे नावनोंदणी आणि सेबीकडे नोंदणी, असं दोन्हीकडे तुमचं नाव लागतं. क्वेरी, म्हणजे त्रुटींची विचारणा, दोन्हीकडून येऊ शकते. कुठून आली ते आधी बघा, कारण उत्तर तिथेच द्यायचं असतं.

२. नाव आणि पत्ता: निम्म्या त्रुटी इथेच निघतात

आपल्या भागातल्या माणसाला ही अडचण हमखास येते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नाव. आमच्या वेळच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅनवर स्वतःचं नाव आधी. आधारवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. आपल्याला तिन्ही एकच वाटतात. तपासणाऱ्याच्या टेबलावर मात्र त्या तीन वेगळ्या माणसांच्या नोंदी असतात. त्याने अंदाजाने जुळवून घ्यावं ही अपेक्षाच चुकीची आहे, कारण उद्या लोकांचा पैसा याच नावावर विश्वास ठेवून गुंतणार आहे.

बायकांचं तर दुप्पट. माझी पदवी माहेरच्या नावाची, पॅन सासरच्या नावाचं, आणि परीक्षेचं प्रमाणपत्र पॅनप्रमाणे. विवाह नोंदणीचा दाखला जोडला की हा मुद्दा एका ओळीत सुटतो. तो दाखला नसेल तर आधी काढून घ्या. राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पानही चालतं. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे उत्तर मुंबईत चालत नाही.

आता पत्ता. कोल्हापूरचा पत्ता लिहायच्या किती तऱ्हा आहेत ते आपल्यालाच ठाऊक. आमच्या ऑफिसच्या घरफाळा पावतीवर सिटी सर्व्हे नंबर आणि ‘ई वॉर्ड’, आधारवर राजारामपुरीची गल्ली, लाइट बिलावर इमारतीचं नाव आणि ग्राहक म्हणून आजोबांचं नाव, भागीदारीपत्रावर या सगळ्याची खिचडी. त्यात घरफाळा पावती मराठीत. अकरापैकी चार मुद्दे या एका पत्त्यापायी आले.

आम्ही मग एक कोरा कागद घेऊन पत्ता एकदाच, पूर्ण लिहिला: सिटी सर्व्हे नंबर, वॉर्ड, इमारत, गल्ली, राजारामपुरी, कोल्हापूर, पिनकोड. पुढे अर्ज, प्रतिज्ञापत्र, बँक, जिथे जिथे पत्ता आला तिथे हाच उतरवला, स्वल्पविरामासकट. जुने कागद बदलता येत नव्हते, तिथे हे सगळे पत्ते एकाच जागेचे असल्याचं पत्र आणि घरफाळा पावतीचं इंग्रजी भाषांतर जोडलं. तुम्ही हे अर्जाच्या आधीच करा.

जागा वाडवडिलांच्या नावावर असेल तर जागामालकाचं संमतीपत्र लागतं. मूळ मालक हयात नसतील आणि वारसनोंद झाली नसेल, तर त्या भानगडीत ऑफिस दाखवू नका. रीतसर नोंदवलेला भाडेकरार करून दुसरी जागा दाखवणं कधीही सोपं.

३. भागीदारीपत्र उघडून वाचा

खरंच वाचा. आमचं भागीदारीपत्र दुसऱ्या एका धंद्याच्या पत्रावरून तयार केलं होतं आणि उद्देशाच्या कलमात ‘व्यापार व कमिशन एजन्सी’ एवढंच होतं. गुंतवणूक सल्ल्याचा शब्द कुठेच नाही. आम्ही दोघांनी सह्या केल्या, साक्षीदारांनी केल्या, आणि एकानेही ते कलम वाचलं नव्हतं. ज्या फर्मच्या पत्रातच हा व्यवसाय नाही तिला या व्यवसायाचं प्रमाणपत्र कसं मिळणार? पुरवणी भागीदारीपत्र करावं लागलं, आणि पंधरातले सहा दिवस त्यातच गेले.

त्याच पत्रात भागीदारांची टक्केवारी, सही करण्याचा अधिकार आणि फर्मचं नाव अर्जाशी ताडून बघा. फर्मच्या नावात ‘अँड’ आणि ‘&’ हा फरकसुद्धा विचारला जातो.

४. हे कागद एका जागी ठेवा

- फर्मचं आणि प्रत्येक भागीदाराचं पॅन, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा
- भागीदारीपत्र (पुरवणी असेल तर तीही), नोंदणीचा दाखला
- मुख्य अधिकाऱ्याची पदवी. गुणपत्रिका नव्हे, पदवी प्रमाणपत्र. शिवाजी विद्यापीठातून ते आणलं नसेल तर आधी तिकडे अर्ज करा, त्याला वेळ लागतो
- एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या १०-अ आणि १०-ब या दोन्ही परीक्षांची चालू प्रमाणपत्रं
- ऑफिसच्या जागेचे कागद
- ठेवीची पावती आणि तारण नोंदीचं बँकेचं पत्र
- विहित नमुन्यातली प्रतिज्ञापत्रं, प्रत्येक पानावर सही आणि शिक्का
- मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं

परीक्षेची प्रमाणपत्रं तीन वर्षांची असतात. एक आधी आणि दुसरं वर्षभराने दिलं असेल तर अर्ज विचाराधीन असतानाच पहिल्याची मुदत संपू शकते. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सीएचं प्रमाणपत्र जोडणार असाल तर त्यावर युडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का ते बघा. १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रमाणपत्रांवर तो अठरा अंकी क्रमांक सक्तीचा आहे. क्रमांक नसलेला कागद परत येतो, आणि त्यात तपासणाऱ्याची चूक नसते.

५. ठेव कुठे ठेवायची

ग्राहकांच्या संख्येवर रक्कम ठरते: १५० पर्यंत १ लाख, १५१ ते ३०० ला २ लाख, ३०१ ते १,००० ला ५ लाख आणि त्यापुढे १० लाख रुपये. नवीन माणसाची सुरुवात १ लाखानेच होते.

आपण कोल्हापूरकर पतसंस्थेशी आणि सहकारी बँकेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. व्याजही तिथे थोडं जास्त. पण बँकेत ठेव ठेवायची तर ती शेड्यूल्ड बँकेतच, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या बँकेतच, लागते. पतसंस्थेची पावती कितीही भरवशाची असली तरी इथे चालणार नाही. सहकारी बँक असेल तर ती शेड्यूल्ड आहे का ते शाखेत विचारून खात्री करा. पावती फर्मच्या नावाची हवी, भागीदाराच्या नावाची नको. तिच्यावर पर्यवेक्षक संस्थेच्या, म्हणजे बीएसईच्या, नावे तारण नोंद, म्हणजे लिअन, हवी.

आमच्या शाखेतल्या अधिकाऱ्यांनी असं पत्र पूर्वी कधी दिलं नव्हतं. त्यांनी कर्जाच्या तारणाचा नमुना काढून दिला आणि आम्ही तो जोडला. त्यावर एक त्रुटी निघाली. दुसऱ्या वेळी नमुन्याची छापील प्रत घेऊनच शाखेत गेलो आणि तासाभरात काम झालं. शाखेत मोकळ्या हाताने जाऊ नका.

६. एआरएन असेल तर थांबा

एआरएन म्हणजे म्युच्युअल फंडाच्या वितरकाचा नोंदणी क्रमांक. असे वितरक कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत भरपूर आहेत, आणि ‘आता सल्लागारही होऊ’ असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. व्यक्ती म्हणून नोंदणी घेणाऱ्याला वितरण करता येत नाही. त्याच्या घरातली माणसंसुद्धा त्याच्या सल्ल्याच्या ग्राहकाला फंड विकू शकत नाहीत. फर्म असेल तर वितरण वेगळ्या विभागातून होऊ शकतं, पण एकाच ग्राहकाला सल्ला आणि वितरण असं दोन्ही नाही. ज्याच्याकडून फी घेतो त्यालाच कमिशनचा माल दाखवायचा नाही, एवढा साधा हा न्याय आहे आणि मला तो पूर्णपणे पटतो.

घरात कोणाचं एआरएन असेल तर अर्जात स्वतःहून लिहा. माझ्या जावेचं होतं, आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, आणि तोच आठवा मुद्दा निघाला.

७. त्रुटींचं पत्र वाचायचं कसं

पत्र आलं त्या रात्री उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यासमोर पेन्सिलीने तीनपैकी एक शब्द लिहा.

‘कागद’: जोडायचा राहिला आहे किंवा अस्पष्ट आहे.
‘फरक’: दोन कागदांत एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिली आहे.
‘प्रश्न’: कागद बरोबर आहे, पण त्यांना काहीतरी समजून घ्यायचं आहे. पैसा कुठून आला, दुसरा धंदा कोणता, नोकरी आहे का, असं.

पहिले दोन हातापायांचं काम आहे. तिसऱ्यावर बसून विचार करावा लागतो, कारण ते तुमच्या पात्रतेला भिडणारे असतात. आमचे अकरा मुद्दे असे तिन्हींत वाटून घेतले तेव्हा कागद तीन, फरक सात आणि प्रश्न फक्त एक निघाला. पोटातला गोळा तिथेच निम्मा झाला.

माझी आत्तेबहीण पुण्यात एका अमेरिकन ब्रोकरच्या अनुपालन विभागात काम करते. तिच्याकडून तिकडची रीत ऐकली. तिकडे फिन्रा ही संस्था ब्रोकर फर्मना सदस्यत्व देते. अर्ज पुरेसा पूर्ण नाही असं वाटलं तर ३० दिवसांत कारणांसह लेखी कळवून तो ‘दाखलच झाला नाही’ असं धरता येतं, आणि शुल्कातले ५०० डॉलर कापून बाकीचे परत देतात. पुन्हा यायचं तर नवा अर्ज, नवं शुल्क. अर्ज आत घेतला आणि माहिती मागवली तर पहिल्या पत्राला ६० दिवस, नंतरच्या प्रत्येक पत्राला ३० दिवस. तेवढ्यात सबळ कारणाशिवाय पूर्ण उत्तर दिलं नाही तर अर्ज आपोआप बाद. हे ऐकल्यावर मला आपल्या पत्राचा अर्थ नीट कळला. ज्याच्या अर्जावर काम चालू असतं त्यालाच प्रश्न विचारतात.

८. उत्तर लिहायचं कसं

त्यांचा मुद्दा जसाच्या तसा वर, त्याखाली तुमचं उत्तर, त्याखाली जोडपत्राचा क्रमांक. पत्रव्यवहार इंग्रजीत होतो. आमच्या उत्तराचा एक मुद्दा इथे मराठीत देते:

*मुद्दा ४: मुख्य अधिकाऱ्याच्या पदवी प्रमाणपत्रावरील नाव पॅनवरील नावाशी जुळत नाही.*
*उत्तर: पदवी विवाहापूर्वीच्या नावाने आहे. विवाह नोंदणीचा दाखला जोडपत्र ४-अ म्हणून जोडला आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडपत्र ४-ब म्हणून जोडलं आहे. अर्जातील रकाना पॅनप्रमाणे दुरुस्त केला आहे.*

एवढंच. खुलासा नको, गयावया नको, आधीच्या सल्लागाराने कसं चुकवलं त्याची कहाणीही नको. आमच्या पहिल्या मसुद्यात ती होती. भावाने ती खोडली आणि बरं केलं.

फाइलला नाव देताना ‘स्कॅन००१७’ असं ठेवू नका. मुद्द्याचा क्रमांक आणि कागदाचं नाव लिहा. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, कडेला बोट दिसतंय, असा कागद पाठवला तर ‘अस्पष्ट’ म्हणून तोच मुद्दा पुन्हा येतो. लक्ष्मीपुरीत एका दुकानात सपाट स्कॅनरवर सगळे कागद करून घेतले, तेवढा खर्च करा.

सगळ्यात महत्त्वाचं: सगळे मुद्दे एकाच वेळी पुरे करा. नऊ आज आणि दोन पुढच्या आठवड्यात असं केलं की तपासणाऱ्याच्या लेखी अर्ज अजून अपुराच राहतो. एखादा कागद मुदतीत येणारच नसेल, जसं विद्यापीठाचा, तर त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच जोडा आणि किती दिवसांत देता येईल ते लिहून मुदतवाढ मागा. ही मागणी मुदत संपायच्या आत करायची. संपल्यानंतरचं पत्र हे कारण सांगणं ठरतं.

दुरुस्ती फक्त उत्तरात करून भागत नाही. पोर्टलवरच्या अर्जात तो रकाना बदलायला दिला असेल तर तिथेही बदला. उत्तरात एक आणि अर्जात दुसरंच राहिलं की नवी त्रुटी तयार होते. आमची दुसरी क्वेरी नेमकी अशीच आली, एकाच मुद्द्याची. पिनकोडचा एक आकडा.

९. लपवू नका

अर्जदार ‘योग्य आणि लायक’ आहे का हे सेबी २००८ च्या मध्यस्थांच्या नियमांतल्या निकषांवर बघते. प्रलंबित खटले, फौजदारी तक्रारी, पूर्वीची कारवाई, सगळं विचारलं जातं. चेक न वटल्याची केस, भावकीतल्या जमिनीचा दावा, अशा गोष्टी आपल्याकडे किती घरांत असतात! माणसाला वाटतं, याचा गुंतवणुकीशी काय संबंध? संबंध आहे की नाही ते त्यांना ठरवू द्या. केस क्रमांक, न्यायालय आणि सध्याची स्थिती लिहून कागद जोडा. सांगितलेल्या केसवर प्रश्न येतो आणि त्याला उत्तर देता येतं. लपवलेली केस सापडली तर प्रश्न तुमच्या सचोटीचा होतो, आणि त्यावर जोडायला कुठलंच जोडपत्र नसतं.

‘मुंबईत ओळख आहे, क्वेरी येऊ न देता काम करून देतो’ असं म्हणणारे भेटतील. आम्हालाही एक भेटले, मोठी रक्कम सांगत होते. क्वेरी कागद अपुरे असतात म्हणून येते, आणि कागद तुमच्याच कपाटात असतात. पैसे द्यायचेच तर नियम वाचणाऱ्या सीएला किंवा कंपनी सेक्रेटरीला द्या, आणि अर्जाचं लॉगिन, त्याचा ईमेल, मोबाइल नंबर स्वतःचेच ठेवा. दुसऱ्याचा ईमेल दिल्यामुळे त्रुटींचं पत्रच वेळेत न मिळालेले दोघं माझ्या माहितीत आहेत. अर्ज गेल्यावर रोज एकदा पोर्टल आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर बघायची सवय लावा.

१०. तरीही नकार आलाच तर

म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय सेबी अर्ज नाकारत नाही. सुनावणीची नोटीस आली तर जा. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा, पण जा. निर्णय झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तो कारणांसह कळवला जातो. तो मान्य नसेल तर मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत अपील करता येतं. मात्र नकार एखाद्या सरळ अपुरेपणामुळे आला असेल, तर अपिलात वर्ष घालवण्यापेक्षा उणीव भरून नव्याने अर्ज करणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे.

११. प्रमाणपत्र येईपर्यंत काय करायचं नाही

फी घेऊन सल्ला द्यायचा नाही. ‘सेबीकडे अर्ज केलेला आहे’ असं कार्डावर छापायचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअर सुचवायचे नाहीत, ओळखीच्यांनाही नाहीत. याच काळात असं काही दिसलं तर आतापर्यंतची सगळी पूर्तता एका बाजूला आणि ते एक चित्र दुसऱ्या बाजूला.

आमचा फलक महाद्वार रोडच्या पेंटरकडे रंगवायला टाकलेला होता. ईमेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ जाऊन सांगून आला, थांबवा म्हणून. नंतर प्रमाणपत्र आलं, ‘आयएनए’ने सुरू होणारा क्रमांक मिळाला. तो क्रमांक कागदावर लिहून, दोनदा ताडून, आम्ही पेंटरकडे दिला. पत्ता तोच होता, सिटी सर्व्हे नंबर आणि ई वॉर्डासकट.